आधी चावी

कचरूकाका गेले. पहाटे, मुकुंदवाडीतल्या घरी, झोपेतच.

बातमीला दुजोरा काकूनेच दिला. फोन ठेवण्याआधी म्हणाली, "कुठं लिहू नको आत्ताच. सच्या गाडीवर हाय."

म्हणून ही पोस्ट दुपारी टाकतोय.

सच्या म्हणजे सचिन, काकांचा धाकटा. ट्रकवर लागून जेमतेम महिना झालाय. काल पुण्यात माल उतरवला आणि आज रिकामी गाडी घेऊन एकटाच वाळूजला निघाला होता.

काकांना भीती रिकाम्या गाडीचीच.

"नवा मानूस भरल्या गाडीला भितो," ते म्हणायचे. "भ्यायचं रिकाम्या गाडीला. ती उड्या मारती, ब्रेकला घसरती."

सच्याने हे पहिल्याच आठवड्यात अनुभवलं होतं. जुन्या शहरात सरकीची पोती घेऊन तटाच्या एका जुन्या दरवाजातून आत गेला. माल उतरवून परत आला, तर गाडी त्याच दरवाजात अडकली.

मागे रिक्षांची रांग. एक रिक्षावाला म्हणाला, "क्या उस्ताद, जाते वक्त दरवाजा बडा था क्या?"

सच्याने वडिलांना फोन लावला. काका स्कूटरवर आले, मी मागे बसलो होतो.

त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. बघ्यांकडे बघितलं. "फुकटात तमाशा बघताय व्हय? चढा वर सगळे."

रिक्षावाल्यासकट पंधरावीस जण हौद्यात चढले. टायरची थोडी हवा सोडली. गाडी दोन बोटं खाली बसली आणि हळूहळू बाहेर आली.

"माल उतरला की स्प्रिंगचे पाटे सुटतात, गाडी वर उठती," काका सच्याला म्हणाले. बस्स. त्या दिवशी त्याला दुसरा शब्द बोलले नाहीत.

मला मात्र बोलायचे. माझ्या कारमध्ये बसले की हमखास: "पाय उचल. क्लच म्हंजे पायपुसणं नाय."

आयुष्यभर ट्रक चालवला आणि म्हातारपणी नव्या पोरांना शिकवलं. आरशावर विसंबून रिव्हर्स घेऊ नका, उतरून मागं बघा. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका.

आणि एक नियम पोरांसाठी नव्हता, घरच्यांसाठी होता.

गाडीवर असलेल्या माणसाला मयत कळवायची नाही. त्याला थांबू द्यायचं, आधी चावी घ्यायची, चहा पाजायचा. मग सांगायचं.

"रडताना रस्ता दिसत नाय, बाबा."

एकदा त्यांनी माझ्यासमोर एका ड्रायव्हरला त्याची आई गेल्याचं असंच सांगितलं होतं. चावी खिशात घालून.

पेपरात बातमी लवकर पोचवणं हीच माझी नोकरी. आजची सकाळ बातमी अडवण्यात गेली.

आठच्या सुमारास आमच्या गावच्या, पिशोरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका चुलतभावाने काकांचा फोटो टाकला. हार घातलेला. सच्या त्या ग्रुपवर आहे.

मी फोन केला. "काढ तो फोटो."

"का? श्रद्धांजली हाय ना."

"सच्या गाडीवर आहे."

त्याने फोन ठेवला. फोटो गेला. सच्याने बघितला होता का, ते कळायला मार्ग नव्हता.

मग काकूचा फोन. "टोलवर पोचला की बापाला फोन करतो ना तो. आत्ता आला होता. झोपलेत म्हनलं. परत आला तर काय सांगू?"

"तेच सांग."

"मी सावकाश ये म्हनले. कधी म्हनत नाय मी तसं. तो म्हनला, मम्मे, आज काय झालं तुला?"

मी कार काढली आणि गंगापूर फाट्यावरचा ढाबा गाठला. काका परतीचा चहा तिथंच घ्यायचे, आता सच्या घेतो.

रस्त्यावर प्रत्येक ट्रकचं पिवळं तोंड त्याच्याच गाडीचं वाटत होतं. एक चहा सांगितला, तसाच गार झाला. दुसरा सांगितला.

शेवटी गाडी आली. त्याने रस्ता सोडून नीट आत घेतली, इंजिन बंद केलं. लोखंडी टॉमी घेऊन उतरला आणि एकेक टायर ठोकत चक्कर मारली. आवाजावरून हवा ओळखायची, ही वडिलांचीच सवय.

मागच्या चाकापाशी त्याला मी दिसलो.

"दादा? पेपरला सुट्टी का आज?"

मी हात पुढे केला. "चावी दे."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"चहा घेऊ आधी," मी म्हणालो.

"चहा नको. कधी?"

"पहाटे. झोपेतच."

त्याने चावी माझ्या हातावर ठेवली. मग वाकून चाकाला दगड लावला आणि तिथंच चाकाला टेकून बसला.

हे लिहितोय तेव्हा तो शेजारच्या बाजेवर आहे. काकूशी बोलून झालंय. फोटो त्याने बघितला नव्हता.

मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवलाय. तो आला की चावी त्याच्याकडे देऊन आम्ही निघू. काकांना घरून पिशोरला नेतायत. अंत्यविधी संध्याकाळी तिथंच, सच्या पोचल्यावर.

आत्ताच त्याने विचारलं, "दादा, तुझी कार मी चालवू?"

"नाही."

"व्हय, बरोबर हाय." माझ्याकडे वळून म्हणाला, "मग पाय क्लचवर ठेवू नको."

काका, सच्या थांबलाय. चावी माझ्या खिशात आहे.

आता निश्चिंत झोपा. अखेरचा जय भीम.