वरची दोरी

समोरच्या गॅलरीतल्या सुमनताई ओली चादर काठीच्या टोकावर घेतात आणि छताजवळच्या दोरीवर अलगद टाकतात. मी इकडे जळून कोळसा होते. मानेतली नस दबल्यापासून माझा उजवा हात खांद्यापर्यंत येतो आणि तिथंच गळतो. याच हातानं मी भिजलेली सतरंजी वर उडवायचे, तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे! लोक दुसऱ्यांच्या बंगल्यांवर जळतात. मी एका दंडावर जळते.

"वहिनी, तुमची चादर टाकू का वर?"

"नको हो, आम्ही हल्ली खुर्चीवरच वाळवतो. छान वाळते."

तरी त्या आल्याच आणि एका झटक्यात चादर वर गेली. त्या गेल्यावर मी दुखरी मान उचलून बघितलं. एकही सुरकुती नव्हती. निदान एखादी तरी ठेवायची, बाई!