बापाच्या चार विभक्ती

मंडळी, औरंगपुऱ्यातल्या जर्मनच्या क्लासवरून आत्ताच आलोय. डोकं फिरलंय. अशा मास्तरचं काय करावं, तुम्हीच सांगा.

आज विभक्ती होत्या. जर्मनमध्ये नामाच्या आधीचा शब्द बदलतो, कधी नामालाही शेपूट लागतं. सरांनी प्रत्येकाला वडिलांचा धंदा विचारला.

माझ्या शेजारी बसते ती रुक्मिणी, वैजापूरकडची नर्स, जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरीसाठी शिकतेय. तिनं जर्मनमध्ये बिनचूक सांगितलं, वडील मेंढपाळ आहेत.

सर हसले. "इंटरव्ह्यूत हेच सांगणार? मेंढ्या हाकायला नेणारेत का तुला? वडील डॉक्टर आहेत म्हण. अन् चारही विभक्ती चालव."

ती उभी राहिली. "डेर डॉक्टर, डेस डॉक्टर्स, डेम डॉक्टर, डेन डॉक्टर." मागून सगळा वर्ग तेच ओरडत होता, खिदळत होता.

तिचे वडील तिला भेटायला आलेले. खांद्यावर घोंगडी घेऊन दाराबाहेर पायरीवर बसले होते. क्लास सुटल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, समदे डॉक्टर डॉक्टर करत व्हते. कोन हाय गं डॉक्टर?"

रुक्मिणी खाली बघत म्हणाली, "क्लासातल्या एका पोरीचा बाप."

म्हातारा कौतुकानं म्हणाला, "लई नशिबाची हाय ती पोरगी."