मेट्रोचं दुसरं कार्ड

दिल्लीत मी बहिणीकडे पाहुणी म्हणून गेले होते. मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनवर तिकिटाच्या मशीनला माझ्या फोनवरून पैसे जाईनात आणि खिडकीपुढे भली मोठी रांग होती. तेवढ्यात मागच्या पिकल्या केसांच्या बाईंनी एक कार्ड पुढे केलं.

"मेरे पास दो हैं. इससे चलिए, पैसे उतरकर दे देना."

परक्या शहरात असं कोण देतं? तरी मी ते घेतलं. गाडीत त्या समोरच बसल्या. चष्मा पुसतानासुद्धा त्यांची नजर माझ्या पर्सवरून हटेना. घाबरून मी पुढच्या डब्यात गेले, तर त्याही आल्या. मी उतरले, तर त्याही उतरल्या.

गेटबाहेर पडताच मी वळून विचारलं, "आप मेरा पीछा क्यों कर रही हैं?"

"मेरा कार्ड जो आपके पास है," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आप डिब्बा बदलने लगीं, तो मैं समझी, गया! मेरा स्टेशन तो कब का निकल गया."

मी ओशाळून कार्ड आणि शंभराची नोट त्यांच्या हातावर ठेवली. कार्ड त्यांनी लगेच पिशवीत टाकलं. नोट मात्र उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि मगच पहिल्यांदा हसल्या.