मावशीच्या हातचा ड्रेस

आमची मावशी बाहुल्यांचे कपडे शिवते. तेही शंभर वर्षांपूर्वीच्या फॅशनचे: फुगीर बाह्या, गळाबंद कॉलर, पाठीवर मसुराएवढी बटणं. आतल्या परकराला अस्तर, आणि त्या अस्तरालाही लेस. ते कोण बघणार, असं विचारायची सोय नाही. "बाहुलीला कळतं," म्हणत ती तोंडातली टाचणी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवते. घरात सोफ्यावर बाहुल्या बसतात आणि माणसं स्टुलावर. काकांच्या शर्टाचं तुटलेलं बटण मात्र दोन वर्षं सेफ्टी पिनच्या भरवशावर आहे.

तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, एका शाळेतून शिक्षिकेच्या जागेसाठी बोलावणं आलं. वर्गावर एक पाठ घेऊन दाखवायचा होता. चार ठिकाणांहून हात हलवत परत आलेली पोर. ही नोकरी तिला हवीच होती. मावशीला एकदम मायेचं भरतं आलं. "तुझा ड्रेस मीच शिवणार!"

मी तेव्हाच आडवं यायला हवं होतं.

आठ दिवस खपून तिने ड्रेस शिवला आणि, खोटं कशाला बोलू, दृष्ट लागावी असा शिवला. खांद्यावर एक सुरकुती नाही. बहीण आरशासमोर हात खाली सोडून उभी राहिली, तेव्हा काकासुद्धा पेपरातून डोकं काढून बघत राहिले. मावशीने तिला गोल फिरवून पाहिलं. बसून दाखव म्हणाली नाही, वाकून दाखव म्हणाली नाही. बाहुल्यांना असलं कोण सांगतं?

वर्गात बहिणीने फळ्यावर तारीख लिहायला हात उचलला. तो खांद्यापर्यंतही पोचेना, काखेतला मुंढा इतका घट्ट कापलेला. मग बिचारीने सगळा पाठ फळ्याच्या खालच्या कडेला लिहिला. "बाई, दिसत नाही!" मागची पोरं ओरडायला लागली. शेवटी तिने जोर लावून हात वर केला, आणि टर्रकन झालेला आवाज पहिल्या बाकापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी ऐकला. जागा दुसरीला दिल्याचं संध्याकाळी कळलं.

बहीण मटकन स्टुलावर बसून रडायला लागली. मला मावशीचा भयंकर संताप आला. मावशीही कळवळली. धावत आली, लेकीला जवळ ओढलं, फाटलेली बाही दिव्याखाली धरून निरखली आणि काकुळतीने म्हणाली, "अगं, पण हात वर करायची गरजच काय होती?"