चारचौघांतली माफी

ओहायोतल्या आमच्या गावात लाइल हॉस्टेटलर माझ्याबरोबर टायरच्या दुकानात काम करतो. घरी गेला की तो इंटरनेटवर मतं लिहायचा. हल्लीचे व्हिडिओ गेम माणसाला लुबाडतात, दोन्ही पक्षांचे पुढारी खोटारडे आहेत, असं काहीबाही. एका निवडणुकीच्या वेळी त्याने थोरल्या भावाची, कर्टिसची, तिथे नाव घेऊन टर उडवली. लोक पोट धरून हसले. त्यानंतर कर्टिसने त्याचा फोन कधी उचलला नाही.

यंदा कर्टिस हृदयविकाराने गेला. दफन झाल्यावर कर्टिसची बायको रेने लाइलला म्हणाली, “तुझं सगळं वाचायचा तो. गेमवरचं वाचून हसायचा, राजकारणावरचं वाचून शिव्या घालायचा.”

“मग फोन का घेत नव्हता?”

“चारचौघांत हसं केलंस ना त्याचं? माफीही तिथेच मागशील, म्हणून वाट बघत होता.”

लाइलने घरी येऊन इंटरनेटवर माफी लिहिली. खाली पहिल्याच माणसाने विचारलं, “भाऊ कोणत्या पक्षाचा होता?” लगेच दोन्हीकडचे लोक भांडायला लागले. लाइलने सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कर्टिसने आपल्याला तळ्यात पोहायला कसं शिकवलं, ते तो मला सांगत बसला. सँडविच तसंच राहिलं.