एकाच गुडघ्याची हळद

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "एसीएल पूर्ण तुटलाय. मेनिस्कसही फाटलाय. पण ही इजा एका दिवसाची दिसत नाही. आधी कधी गुडघा मुरगळला होता का?"

मी सरळ "नाही" म्हणाले. इतक्या दिवसांत सवय झाली होती.

शेजारी आई बसली होती. ती म्हणाली, "न्हाई काय म्हणायलीस गं? हळद लावली होती की आपण."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. कागदावर लिहायला लागले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतली दोरी, मांडीचं हाड नळीच्या हाडाशी बांधून ठेवणारी. मेनिस्कस म्हणजे त्या दोन हाडांमधली गादी. मला दोन्ही शब्द आधीपासून माहीत होते. संघातल्या दोन पोरींचं हेच झालं होतं. आपलं होणार नाही असं उगीच वाटायचं.

मी पूर्णेची. रेल्वेच्या मैदानावर पोरांमध्ये खेळत वाढले आणि पुढं सहा वर्षं देशाकडून फुटबॉलमध्ये फॉरवर्ड म्हणून खेळले. सात गोल केले. पहिला गोल केला तेव्हा आईनं फोनवर विचारलं होतं, "मग आता घरी कधी येणार?" परदेशात थंडीनं बोटं वाकडी व्हायची, पण राष्ट्रगीत सुरू झालं की लय बरं वाटायचं. ते खोटं कशाला सांगू.

आता चूक सांगते. देशाच्या संघाचं शिबिर सुरू व्हायला बारा दिवस उरले होते. आमच्याच मैदानावर वळताना गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. दवाखान्यात गेले असते तर कागद झाला असता, आणि कागद झाला असता तर शिबिर गेलं असतं. म्हणून शेजारच्या गावात हाडं बसवणारे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी पाय ओढला, आंबेहळदीचा लेप दिला. आईनं तो रोज गरम करून बांधला. सूज उतरली. मला वाटलं, झालं.

रंग मात्र उतरेना. शिबिरात तपासणीच्या दिवशी आमच्या फिजिओ मॅडमनी विचारलं, "हा गुडघा पिवळा कशानं?"

म्हटलं, "बहिणीचं लग्न होतं. हळद लागली."

"एकाच गुडघ्याला?"

"आमच्याकडं अशीच पद्धत आहे. करवलीच्या उजव्या गुडघ्याला लावतात."

मॅडम दूर दक्षिणेतल्या. त्यांना काय माहीत आमच्या पद्धती. हसल्या आणि फॉर्मवर सही केली. खोलीत येऊन मीपण हसले. शाबास गं, म्हटलं स्वतःला.

परदेशातल्या दुसऱ्या सामन्यात पास आला. समोर फक्त गोलकीपर. मला कुणी हातसुद्धा लावला नाही. पाय टेकला आणि गुडघा आतल्या आत सरकला. चेंडू तसाच हळूहळू बाहेर गेला.

ऑपरेशन नांदेडला झालं. आत नेताना गळ्यातलं इष्टलिंग काढायला लावलं. आम्ही लिंगायत, आमच्या घरात ते अंगावेगळं करत नाहीत. सामन्याआधीसुद्धा काढावं लागायचं, त्यावरून आईनं माझं डोकं खाल्लं होतं.  त्या दिवशी मात्र ती ते उजव्या मुठीत धरून बाहेर बसून राहिली. चहा आला तो डाव्या हातानं प्यायली.

कमरेत इंजेक्शन दिलं की खालचं अंग आपलं राहत नाही. मग ग्राफ्ट केला, म्हणजे माझ्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून तिची नवी दोरी केली. नंतर दुखतं, खूप दुखतं. कुणी "काही नाही होत" म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पण दुखण्यापेक्षा वाईट असतो तो कंटाळा. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबायचं, दहा मोजायचं, सोडायचं. परत दाबायचं. जेवायलाही खुर्चीवर, मांडी घालता येत नव्हती. आठवड्यातून तीनदा आईबरोबर रेल्वेनं नांदेडला जायचं आणि बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं. तिथं दर वेळी कुणीतरी मावशी विचारायची, "कुठं पडलीस बाई?" बॉल खेळताना म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "लगीन झालं का?" मी थकले होते. उत्तर द्यायला पण थकले होते.

आई एकदाच बोलली. "बस कर गं आता. किती पळशील? मला बघवंना झालंय."

नवव्या महिन्यात एका पायावर उडी मारायची चाचणी झाली. उजवा पाय डाव्यापेक्षा वीतभर मागं पडला. डॉक्टर म्हणाले, "चालायला, जिना चढायला गुडघा छान आहे. खेळायला अजून नाही. कदाचित वेळ लागेल, कदाचित पूर्वीसारखा होणारही नाही."

त्याच आठवड्यात फिजिओ मॅडमचा फोन आला. मोठ्या स्पर्धेची यादी होत होती. माझं वय एकोणतीस. पुढच्या यादीत मला कोण विचारणार होतं?

"गुडघा कसा आहे? नाव टाकू का?"

एकदम मस्त, हे शब्द तोंडाशी आले होते. खरंच आले होते.

"नका टाकू मॅडम. तयार नाही," म्हटलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं तर, "त्या वेळची हळद लग्नाची नव्हती. माफ करा."

मग त्या म्हणाल्या, "मी अजून लोकांना सांगते गं, तुमच्याकडं करवलीच्या गुडघ्याला हळद लावतात म्हणून."

मला रडू आलं. गुडघा तुटला तेव्हा आलं नव्हतं एवढं.

खेळणाऱ्या पोरींनो, कट्ट वाजलं तर त्याच दिवशी सांगा. शिबिर जाईल, जाऊ द्या. मी एक शिबिर वाचवायला गेले आणि सगळीच घालवून बसले. ज्यांनी टाके घातले, ज्यांनी रोज पाय वाकवून घेतला, त्यांचे उपकार आहेतच. पण माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या बाईंची मी माफी मागितली, तेव्हा कुठं मला बरं वाटायला लागलं.

फोन ठेवला तेव्हा आई भाकरी थापत होती. "काय म्हनल्या?"

"नाव नका टाकू म्हणून सांगितलं मीच."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग तव्याकडं. "बस. गरम हाय तवर खाऊन घी."

जेवण होऊन हात धुवायला उठले तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी मांडी घालून बसले होते.