लेन्स थंड होईपर्यंत

"बसा ना भाऊ. लेन्स थंडी होऊ द्या."

अकोल्याला त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच. माझ्या हातातली लेन्स घेऊन ते टॉवेलाच्या घडीवर ठेवत आणि निजलेल्या तान्ह्या पोराकडे पाहावं तसे तिच्याकडे पाहत बसत. अमरावतीहून एसटीनं उन्हातून आलेली लेन्स तापते आणि तापलेल्या लेन्सची परीक्षा घेऊ नये, हे खरंच. पण ती केव्हाच निवलेली असायची. चहा मात्र व्हायचा असायचा. पाहुण्याला अडवायला कोणी सुपारी पुढे करतं, कोणी लग्नाचा अल्बम काढतं. एकट्या राहणाऱ्या या माणसाकडे हे एवढं कारण होतं.

आम्ही अमरावतीचे लग्नाचे फोटोग्राफर त्यांना 'अकोल्याचे भाऊ' म्हणायचो. कॅमेरा आपोआप फोकस करतो, पण कधी कधी नेम डोळ्यावर धरावा आणि स्पष्ट यावा कान. ही चूक शोधायची आणि कॅमेऱ्यात दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. त्यांची साधनं पाहून तुम्ही हसला असता. कॅलेंडरचा मोठा काळा आकडा उभ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. शेजारी तिरपी फळी, तिच्यावर ओळीनं ज्वारीचे दाणे. आकड्याच्या रेषेतला दाणा कुंकवानं लाल केलेला. नेम आकड्यावर धरून फोटो काढायचा आणि मोठा करून पाहायचा. लाल दाणा सर्वांत स्पष्ट आला तर ठीक. नाहीतर कॅमेऱ्याच्या मेनूत एक घर सरकायचं, आणि पुन्हा फोटो.

"हा मांगचा दाणा पाहा, कसा हासून राह्यला!"

एकदा उंदरांनी फळी साफ केली. "लेकाचे फुकटात परीक्षा पास झाले," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं दुपारभर फळीला नवे दाणे चिकटवत बसलो. त्या दिवशी ते इतके खुशीत होते, की उंदीर त्यांनीच पाळले असावेत अशी मला शंका आली.

काम झालं की ते लेन्सला आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला एकाच रंगाचा धागा बांधायचे. कारण दुरुस्ती लेन्समध्ये नसते, त्या एका कॅमेऱ्याच्या पोटात नोंदलेली असते.

"जोडी जमवून देल्ली भाऊ. आता इले दुसऱ्याच्या घरी नांदाले धाडू नका."

माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे होते. दर्यापूरच्या एका मोठ्या लग्नात नवरीच्या मामानं तो लाल धागा पाहिला. "काय भाऊ, कॅमेऱ्याले नजर लागते काय?" सगळा मांडव हसला. मी आत जाऊन दोन्ही धागे कात्रीनं कापले. पुढे घाईगर्दीत लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर चढली, आणि मला कळलंही नाही. फोटोंत नवरीचे डूल लखलखीत आणि डोळे पुसट. बाप लेकीला निरोप देतो, तेही सगळे तसेच.

त्या बापापुढे उभं राहिल्यावर मी म्हणालो, "लेन्स बिघडवली अकोल्याच्या माणसानं." तेच मग आमच्या लोकांत, चहाच्या टपरीवर सांगितलं. सांगताना मला ते खरंच वाटत होतं. पुढे कॅमेरे पुसताना कडीत अडकलेलं लाल टोक दिसलं. त्या लग्नात ज्या कॅमेऱ्यावर लेन्स होती, त्याच्यावर नव्हे. दुसऱ्यावर, म्हणजे त्या लेन्सच्या खऱ्या जोडीदारावर.

सगळं सांगून टाकायचं ठरवून मी लेन्स आणि तिचा कॅमेरा घेऊन अकोल्याला गेलो. बाहेर पावसाची झड लागली होती, लेन्स माझ्या हाताहून गार होती. तरी ते म्हणाले, "बसा ना भाऊ. लेन्स थंडी होऊ द्या."

मांडणीतल्या कपांवर धूळ होती. लेन्सला लोंबणारं टोक त्यांनी चिमटीत धरलं.

"धागा तुटला वाटते."

"हो. तुटला."

कात्रीचा काप सरळ दिसत होता. त्यांनी तो बोटानं चाचपला आणि नवा धागा घेतला. गाठ मारता मारता म्हणाले, "तुमच्या अमरावतीचं कोणी फिरकत नाई आताशा. सारे बरे हायेत ना? कोणाले दुखलंखुपलं तर नाई?"

"बरे हायेत सारे. लग्नसराई हाय ना, फुरसत नाई कोणाले."

आषाढ संपत आला होता. चातुर्मासात लग्नं नसतात, हे आमच्या धंद्यात कोणाला सांगावं लागत नाही. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, तिथून खाली माझ्याकडे आली.

"असंन," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

तो चहा मी प्यायलो. आणि काही न सांगता परत आलो.

पुन्हा गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई पदराला हात पुसत बाहेर आली. "ते वारले ना भाऊ, दिवाळीच्या आंधीच. तुमाले कोणी सांगतलं नाई?" कोण सांगणार होतं? त्यांच्याकडे जाणाऱ्या सगळ्यांना मीच थांबवलं होतं.

आताच्या कॅमेऱ्यांना ही दुरुस्ती सहसा लागत नाही. टपरीवरचे त्या वेळचे थोडेच लोक उरलेत. त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. लेन्स त्यांनी बिघडवली नव्हती. जोडी मी तोडली, आणि नाव त्यांचं घेतलं.

ती लेन्स आणि तो कॅमेरा माझ्या कपाटात आहेत, दोघांवर त्यांचा दुसरा धागा. उन्हाळ्यात कपाट तापतं. मग लेन्स काढून टॉवेलाच्या घडीवर ठेवतो आणि समोर बसतो. ती थंड झाल्यावरही बसून राहतो.